ठाण्याच्या किल्ल्यातल्या बराकी

कोर्टनाक्याजवळची ही उंच दगडी भिंत. ठाणेकरांच्या लेखी ती जेलची भिंत. आत कॅमेरा नेता येत नाही, तेव्हा आपणही बाहेरूनच बघू.

हा मुळात किल्ला. 1730 च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि 1737 मध्ये मराठे चालून आले तेव्हा काम पुरतं झालंही नव्हतं. अर्धवट तटाआडून लढणार कसं? पुढे मराठ्यांची शिबंदी इथे राहिली. 28 डिसेंबर 1774 ला इंग्रजांनी हल्ला करून किल्ला घेतला आणि गोरे शिपाई मुक्कामाला आले.

शिबंदीचे दिवस तसे कंटाळवाणेच. पहारा, कवायत, घोड्यांची देखभाल. पण याच घोड्यांपायी एकदा घोटाळा झाला.

1815 मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. आळ आला दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. इंग्रजांनी त्यांना इथे आणून डांबलं. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे. बंदोबस्त चोख! फक्त गोऱ्यांना मराठीचा गंध नव्हता.

किल्ल्यातल्या एका साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, मराठा होता. घोडा फिरवताना तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून ये-जा करायचा आणि आपल्याच तंद्रीत असल्यासारखा गायचा. पळून जायचा बेत त्या गाण्यातून वर पोचत होता. पहारेकऱ्यांच्याही कानावर ते पडायचंच. मोतद्दार गातोय, गाऊ दे! सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी पसार झाले.

साहेबांना हे किती झोंबलं ते पुढच्या वर्षी दिसलं. मे 1817 मध्ये पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) एल्फिन्स्टन याने पेशव्यांना बजावलं, महिन्याभरात त्रिंबकजीला हजर करा, तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड आमच्याकडे तारण. एका कैद्यापायी तीन किल्ले! नोव्हेंबरात खडकीला लढाई जुंपलीच.

नंतर फौजेचं काम संपलं आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला इथेच फाशी दिलं. कैदी जिथे राहतात त्या जागेला आजही बराकच म्हणतात.

त्रिंबकजी पुन्हा हाती लागले, तेव्हा मात्र इंग्रजांनी त्यांना ठाण्यात ठेवलं नाही. थेट गंगेकाठी, चुनारच्या किल्ल्यात धाडलं.