तोंडभर नवे दात, पण आधी पाया

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखान्यात एक मागणी नेहमी ऐकू येते : “डॉक्टर, उरलेसुरले काढून टाका आणि एकदाचे फिक्स दात बसवा.” मी आधी विचारते, “जेवता कुठल्या बाजूनं?” बहुतेकांना सांगताच येत नाही, कारण दोन्हीकडच्या दाढा कधीच्याच गेलेल्या असतात.

दाढ काढून जागा तशीच सोडली की शेजारची दाढ त्या पोकळीत कलते आणि समोरच्या जबड्यातली जागा सोडून पुढे येते. चावायचा भार पटाशीच्या दातांवर पडतो. ते झिजतात, फाकतात. त्यात सुपारी-गुटखा असेल तर बघायलाच नको. नाक आणि हनुवटीमधलं अंतर घटतं, गाल बसतात, ओठांचे कोपरे चिरतात. अशा तोंडात एखादा दात लावून काही साधत नाही.

सुरुवात हिरड्यांपासून होते. किटण काढायचं, वाचतील त्या दातांचं रूट कॅनाल करायचं, न वाचणारे काढायचे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनानं बंद मात्र करू नका.

मग काही आठवडे तात्पुरते दात. पेशंटला हा वेळकाढूपणा वाटतो, पण माझ्या मते सगळ्या उपचारात मोलाचा टप्पा हाच. दातांची वाढवलेली उंची जबड्याच्या सांध्याला मानवते का, ‘स’ स्वच्छ उमटतो का, भाकरी चावता येते का, हे इथंच कळतं. पक्क्या कॅप बसल्यावर कळलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आता इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू. स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात दिसलं, की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरलं. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात अगदीच खोटी नाही, पण त्या दिवशी मिळतात ते बहुधा तात्पुरते, आणि तेही प्रत्येकाला जमत नाहीत. तंबाखू-सिगारेट सुटली नसेल तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

पैसे कमी पडतात म्हणून मन मारायचं कारण नाही. नीट बसलेली कवळी हा कमी प्रतीचा उपचार नव्हे. खालची कवळी जिभेमुळे हलते, हे खरं. तिथं दोनच इम्प्लांट लावून कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी, असं मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच सांगितलं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो. फेऱ्या जास्त होतात, तेवढी तयारी ठेवा.

पहिल्या भेटीला जुने एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि असेल तर जुनी कवळीही घेऊन जा. बसत नसली, तुटलेली असली तरी चालेल. नमस्कार.