रॉचेस्टर म्हणजे फक्त कोडॅक नाही

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर. जेनेसी नदी या शहराच्या अगदी मधोमध खाली कोसळते. हाय फॉल्स, उंची ९६ फूट. पाण्याच्या या जोरावरच पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि इथलं पीठ बोटींतून थेट न्यूयॉर्क शहराकडे जायला लागलं. पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली, मग इथल्या लोकांनी रोपवाटिका काढल्या. हायलँड पार्कमधल्या लायलॅकच्या फुलांसाठी आजही दर मे महिन्यात तुफान गर्दी होते.

गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस १८४७ मध्ये इथं राहायला आले आणि त्यांनी 'नॉर्थ स्टार' हा गुलामगिरीविरोधी पेपर सुरू केला. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी पण इथंच राहायच्या. १८७२ मध्ये बाई असून मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली, कोर्टाने १०० डॉलर दंड केला, तो त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही म्हणजे नाहीच.

आणि मग जॉर्ज ईस्टमन. १८८८ मध्ये त्यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि फोटो काढणं सामान्य माणसाच्या हातात आलं. आपल्याकडे गावोगावच्या फोटो स्टुडिओवर जो पिवळा बोर्ड असायचा ना, त्याचं मूळ हे शहर. कोडॅक पार्क या कंपनीच्या कारखान्यात फिल्मवर थर चढवायचं काम मिट्ट काळोखात चालायचं, कारण जराशा उजेडानं अख्खा रोल वाया जाणार, त्यामुळे कामगार नुसत्या अंदाजानं, सवयीनं वावरायचे. १९१२ पासून कंपनी बोनस द्यायला लागली, आणि बोनस जवळ आला की गाड्यांचे शोरूमवाले, फर्निचरवाले सगळे तयारीत. १९८२ च्या सुमारास इथं कोडॅकमध्ये ६० हजारांवर माणसं होती.

पण ही भरभराट कुणाची, हे विचारलंच पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या काळ्या कुटुंबांना चांगल्या नोकऱ्या जवळपास बंदच होत्या, घरं मिळायची ती ठराविक वस्त्यांतच. डग्लस यांच्या गावात ही अवस्था! जुलै १९६४ मध्ये दंगल पेटली, नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य बोलवावं लागलं. त्यानंतर रेव्हरंड फ्रँकलिन फ्लॉरेन्स यांच्या नेतृत्वाखाली 'फाइट' ही संघटना उभी राहिली आणि ती सरळ कोडॅकच्याच दारात जाऊन बसली, आम्हाला नोकऱ्या द्या म्हणून. डिसेंबर १९६६ मध्ये ६०० लोकांना घ्यायचा करार झाला, कंपनीच्या अधिकाऱ्याने सही केली, आणि लगेच कंपनीने तो करार झटकला. मग या लोकांनी काय केलं, तर कोडॅकचे शेअर घेतले आणि १९६७ मध्ये शेअरहोल्डर्सच्या मीटिंगमध्ये जाऊन जाब विचारला. जूनमध्ये कंपनीला समझोता करावा लागला. मला विचाराल तर कॅमेऱ्याइतकीच ही गोष्ट सुद्धा या शहराची ओळख आहे, आणि ती फारच कमी सांगितली जाते.

कोडॅकचं पुढचं बहुतेकांना माहीत आहे. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये त्यांच्याच इंजिनिअरने इथंच बनवला, कंपनीने फिल्म सोडली नाही, आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. शहराची वस्ती १९५० मध्ये ३ लाख ३२ हजार होती, २०२० मध्ये २ लाख ११ हजार. आज सगळ्यात जास्त नोकऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टर आणि तिच्या हॉस्पिटलमध्ये आहेत.

डाउनटाउनभोवती खोल खणून इनर लूप नावाचा हायवे केला होता, त्याने आजूबाजूच्या वस्त्या डाउनटाउनपासून तोडून टाकल्या होत्या. त्याचा पूर्वेकडचा तुकडा २०१४ ते २०१७ मध्ये मातीने भरून काढला, तिथं आता साधा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना घरं.