शिरोरेषा

(दृश्य: शाळेची वही. पानं एकेक करून उलटतात.)

जूनच्या पानावर शिरोरेषा सरळ आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर ती थरथरू लागते. फेब्रुवारीत अक्षरंच ओळीखाली घसरलेली दिसतात.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतला हा नववीचा मुलगा. आधी चिडचिड वाढली, मग उगाच हसणं, मग बोलताना लाळ गळायला लागली. आज्जी म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. अंगारा लावून झाला, लिंबू उतरवून झालं. मग मनोविकाराच्या गोळ्या आल्या. त्यांनी अंग आणखीच आखडलं.

(दृश्य: डोळ्याचा क्लोजअप.)

बेळगावात डोळे तपासताना बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडं दिसलं. ते तांबं होतं.

धान्यात, शेंगदाण्यात, काजूत तांबं असतंच, शरीराला ते थोडं लागतंही. उरलेलं पित्तावाटे बाहेर टाकायचं काम यकृताचं, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत लिव्हरचं. एटीपी७बी नावाच्या जनुकात बिघाड असला की हे काम अडतं. तांबं आधी यकृतात साठतं, तिथं मावेनासं झालं की रक्तातून मेंदूत जातं. हालचाल सांभाळणारे मेंदूतले खोलवरचे भाग बिघडतात, स्वभावही पालटतो. काही जणांत कावीळ होते, तर काहींच्या वागण्यातच पहिली खूण दिसते. लंडनच्या किनियर विल्सन यांनी १९१२ साली हा आजार सविस्तर मांडला, म्हणून तो विल्सनचा आजार.

हंड्यातल्या पाण्यानं हा होत नाही. झाल्यावर मात्र तांब्याची भांडी बाजूला ठेवायला सांगतात.

आता जरा अवघड विषय. या मुलाची आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अशी सोयरीक कौतुकाची. पण सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तरच हा आजार होतो, आणि एकाच रक्तात लग्न झालं की तशी शक्यता वाढते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलामागे धोका २५ टक्के.

(दृश्य: गोळ्यांची डबी. शेजारी नवी वही.)

पेनिसिलामाइन तांबं लघवीवाटे काढतं, जस्ताच्या गोळ्या ते आतड्यात अडवतात. औषध जन्मभर घ्यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं, तर जिवावर बेततं.

मुलगा पुन्हा लिहायला लागलाय, सावकाश.

धाकटी बहीण सहावीत आहे. तिला काहीच त्रास नाही. तरी तिचं रक्त आणि २४ तासांची लघवी तपासायला दिली आहे.