पंतांना आलेली पत्रं

(दृश्य : बोरूचं टोक, मोडी अक्षरं)
बोरू एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत शक्यतो उचलायचा नाही, ही मोडीची रीत. पानिपतच्या मोहिमेतले मराठा सेनापती सदाशिवरावभाऊ, त्यांची 1760 सालची पत्रं वाचताना वाटतं, सांगणाऱ्यालाही थांबायला सवड नसावी.

यांतली कितीतरी पत्रं एकाच माणसाला आहेत. गोविंद बल्लाळ खेर, म्हणजे गोविंदपंत बुंदेले. सागर, बुंदेलखंड, इटावा इथले पेशव्यांचे कमाविसदार. काम महसुलाचं, पदरी शिबंदी, म्हणजे थोडे शिपाई, तेही वसुलीपुरते.

(दृश्य : इटावा, यमुनेचा घाट, पहाट)
आधी मागणी नावांची. यमुनेवर पूल बांधायचाय, नावा जमवा. पावसाळ्यात नदी फुगली, पूल बांधायचा राहून गेला. मग अवधच्या नवाबाला, शुजाला अडवा. मग पैसा पाठवा, धान्य पाठवा. कामं वाढत गेली, माणूस तोच.

(दृश्य : लाल किल्ला, दिवाण-ए-खासचं छत)
आता वर बघा. आज दिसतं ते रंगवलेलं लाकूड. इथं चांदीचा पत्रा होता. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आल्यावर भाऊंनी तो उतरवून रुपये पाडले. सुमारे नऊ लाख. फौज, घोड्यांची चंदी, वर बरोबरचे बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि यात्रेकरू. किती दिवस पुरणार?

(दृश्य : कुंजपुरा, गव्हाची शेतं)
ऑक्टोबरात दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा मराठ्यांच्या हाती पडलं. तिथली कोठारं मिळाली, छावणी जेवली. पण त्याच महिन्यात अफगाण बादशहा अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पंतांना नवा हुकूम सुटला : शत्रूची रसद मारा.

आणि त्यांनी मारली! उतारवयातला हा कमाविसदार गंगा-यमुनेमधल्या दुआबात मेरठकडे धडकला, अब्दालीकडं जाणारं धान्य अडवलं. अफगाण छावणीत टंचाई झाली. डिसेंबरात अब्दालीचा सरदार अताईखान याच्या स्वारांनी त्यांना बेसावध गाठून ठार केलं.

पतियाळ्याच्या आलासिंगाकडून येणारं धान्यही आटलं. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकले, ते थेट अफगाण छावणीत शिरले.

(दृश्य : पानिपतची रणभूमी काला आंब, धुकं)
14 जानेवारी 1761. उपाशी फौज खंदकाबाहेर पडली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

(दृश्य : जुनं छापील पान)
वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ही पत्रं छापली आणि प्रस्तावनेत अपयशाचा मोठा वाटा पंतांच्या माथी टाकला. शाळेत आम्हीही तेच शिकलो.