ग्रह कुणाला म्हणायचं?

(दृश्य : बार्शी रस्ता, दिवस मावळतोय. माळावर मुलं चादरी अंथरताहेत.)

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की नान्नजच्या अलीकडे वस्ती विरळ होते आणि माळ सुरू होतो. दक्षिणेला शहराच्या दिव्यांचा पिवळा उजेड दिसतो, पण डोक्यावरचं आभाळ अजून काळंभोर आहे. शाळेची ही मुलं त्यासाठीच इथवर आली आहेत. अंथरायला सोलापुरी चादर, तिपाईवर बायनॉक्युलर, टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद आणि प्रत्येकाच्या मांडीवर चित्रकलेची वही.

(दृश्य : वहीचं पान, अगदी जवळून.)

पानावर वाटी ठेवून वर्तुळ काढलंय. बायनॉक्युलरमधून आभाळाचा जेवढा तुकडा दिसतो, तो हा. आत पेन्सिलीचे ठिपके : तारा ठळक तर ठिपका मोठा, मंद तर बारीक. शेजारच्या पानावर तोच तुकडा, दोन रात्रींनंतरचा. सगळे ठिपके जागच्या जागी आहेत. एक सोडून.

«सर, हा परवा या दोघांच्या मधी होता की!»

«मग आता कुठंय? बाण काढून दाखव.»

मुलीनं बाण काढला. सरकलेला ठिपका म्हणजे सीरिस. मंगळ आणि गुरू यांच्या मधून सूर्याभोवती फिरणारा, सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा गोळा. नुसतं बघून तो ताऱ्यांतून वेगळा काढता येत नाही. तो कळतो चालीवरून, आणि चाल कळायला पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

(दृश्य : मुलांची बायनॉक्युलरपुढची रांग.)

इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत १ जानेवारी १८०१ च्या रात्री जुझेप्पे पियाझी हेच करत होते. ताऱ्यांची यादी करताना वृषभ राशीत त्यांना एक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो हलला होता, तिसऱ्या रात्री आणखी. धूमकेतू म्हणून त्यांनी कळवलं खरं, पण त्याला ना शेपूट ना धूसरपणा. याहून काही मोठं हाती लागलंय असं त्यांना वाटत होतं. फेब्रुवारीत ते आजारी पडले, आणि पुढं तो ठिपका सूर्याच्या उजेडात हरवला. पियाझींच्या मोजक्या नोंदींवरून कार्ल गाउस या २४ वर्षांच्या गणितज्ञानं कक्षा मांडली. वर्षाच्या शेवटच्या रात्री सीरिस त्या गणितानुसारच सापडला. आभाळात हरवलेली वस्तू कागदावर शोधून काढणं, हे त्या वर्षीचं खरं नवल.

सीरिस ग्रहांच्या यादीत बसला. १८०२ ला पॅलस, १८०४ ला जुनो, १८०७ ला वेस्टा सापडले, तेही बसले. १८४५ पासून मात्र अशा वस्तूंची रांगच लागली. ग्रहांची यादी वाढवत न्यायची तरी किती? शेवटी या सगळ्यांचा लघुग्रह हा वेगळा वर्ग धरला गेला, आणि सीरिसचं ग्रहपण गेलं. ग्रहांच्या यादीतून काढलेल्या प्लुटोच्या नावानं आज एवढी हळहळ होते, पण ती वाट सीरिसनं दीडशे वर्षं आधीच चालून ठेवली होती.

(दृश्य : मुलगा दोन पानं आलटून-पालटून उघडतोय.)

हा मुलगा पानं भराभर उलटून ठिपक्याला उडी मारायला लावतोय. १९३० मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांनी सहा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन फोटोप्लेटा यंत्रात अशाच आलटून-पालटून पाहिल्या. १८ फेब्रुवारीला त्यांना प्लुटो सापडला. नववा ग्रह. पुढं मोजमापं सुधारत गेली तसा तो लहान ठरत गेला. व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही कमी. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याचे भाऊबंद सापडू लागले, आणि २००५ मध्ये एरिस सापडला : आकारानं जवळपास तेवढाच, वजनानं प्लुटोपेक्षा जास्त. आता एरिसला दहावा ग्रह म्हणा, नाहीतर प्लुटोलाही खाली आणा.

(दृश्य : दिवसाउजेडी, नांगरलेलं रान. बांधावर दगडांचे ढीग.)

प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात आधी १२ ग्रहांचा मसुदा आला. त्यावर खडाजंगी झाली. २४ ऑगस्ट २००६ ला मतदान होऊन तीन अटी ठरल्या. ग्रहानं सूर्याभोवती फिरावं. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल व्हावं, एवढं त्याचं वस्तुमान असावं. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्यानं मोकळा केलेला असावा.

तिसरी अट या रानात बघा. मुरमाड जमीन, पण वर्षानुवर्षं दगड वेचून बांधाला लावले, तेव्हा पाभर चालायला लागली. ग्रहही वाटेतले धोंडे असेच ओढून घेतो नाहीतर भिरकावून देतो. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी याचं मोजमाप मांडलं. पृथ्वीच्या वाटेवर जे काही उरलंय, त्या सगळ्याच्या सुमारे १७ लाख पट पृथ्वी जड आहे. प्लुटो त्याच्या भवतालच्या बाकी ऐवजाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. सीरिसचंही वजन कमीच पडतं.

प्लुटो आणि सीरिस बटुग्रह झाले, म्हणजे पहिल्या दोन अटींत बसणारे, तिसरीत अडलेले; पाठ्यपुस्तकांत आठ ग्रह आले.

(दृश्य : मुलं जेवायला बसली आहेत. कडक भाकरी, शेंगाचटणी.)

«प्लुटो गोल आहे, त्याला वातावरण आहे, पाच चंद्र आहेत. ग्रह म्हणायला अजून काय पाहिजे?» मुलगा म्हणतो.

«त्याचा शेजार बघ की! सगळा भरलेला.» मुलगी म्हणते.

या मुलाच्या बाजूला मोठी माणसं आहेत. प्लुटोवर न्यू होरायझन्स यान नेणारे ॲलन स्टर्न म्हणतात, वस्तू कशी आहे ते बघा, ती कुठं राहते ते नको. मतदानाला जेमतेम सव्वाचारशे जण होते, हाही आक्षेप आहेच. शिवाय व्याख्येत सूर्याचं नाव असल्यानं दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह तिच्या बाहेरच राहतात. मुलीचं म्हणणंही तितकंच पक्कं आहे, आणि तिच्या वहीत सीरिसची चाल आहे.

सरांनी निकाल दिला नाही. त्यांनी पुढचा नकाशा काढला : वेस्टा. तो गोलाईत कमी पडतो, म्हणून बटुग्रहांतही नाही. त्यासाठी ढग नसलेल्या चार रात्री हव्यात, आणि आणखी दोन बायनॉक्युलर. सध्या एकावर सगळा वर्ग रांग लावतो.