दिवाळीनंतर न आलेला दादा

(वस्तीपातळीवर मुलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मघाशी संयोजकांनी सांगितलं की यंदा ताई-दादा, म्हणजे वस्तीतल्या एकेका मुलाचे मोठे मित्र, व्हायला तयार असलेल्यांचे अर्ज गेल्या वर्षीपेक्षा खूप जास्त आले. टाळ्या पडल्या. मी मात्र जरा धास्तावलो. अर्ज वाढले की ताई-दादा आणि मुलांच्या जोड्या वाढवायचा मोह होतो, आणि घाईत लावलेल्या जोड्या तुटतात. आज बोलायचंय ते या तुटण्याबद्दल.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही शेजारशेजारची गावं. तिथे 1930च्या दशकात रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग मांडला. 506 मुलगे निवडले, वय आणि घरची परिस्थिती बघून दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि नाणं उडवून दोघांतल्या एकाला एक समुपदेशक दिला. हा माणूस घरी जायचा, अभ्यासात मदत करायचा, डॉक्टरकडे न्यायचा, उन्हाळी शिबिराला पाठवायचा. दुसऱ्या मुलाला यातलं काहीच नाही. मध्येच महायुद्ध आलं आणि 1945 साली काम थांबलं. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांना, म्हणजे आता मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, शोधून काढलं. ‘उपयोग झाला का?’ असं विचारल्यावर मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. पण कोर्टाची, दवाखान्यांची, मृत्यूची दप्तरं तपासली तर चित्र उलटं निघालं. मदत मिळालेल्यांत एकापेक्षा जास्त गुन्हे करणारे जास्त, दारूच्या आहारी गेलेले जास्त, लवकर गेलेलेही जास्त.

असं का झालं यावर अजून वाद चालतो. मॅकॉर्डबाईंनी पुढे शिबिरांकडे बोट दाखवलं. पुन्हापुन्हा शिबिराला गेलेल्या मुलांचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं होतं; दिवसभर एकत्र असलेली मुलं एकमेकांना आपले प्रताप रंगवून सांगत असणार. ते काही असो. आपण अहवालाच्या शेवटी ‘मुलांना खूप आवडलं’ लिहितो ना, ते वाक्य लिहिताना मला हे पुरुष आठवतात.

आता दुसरी बाजू. 1904 साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले अर्नेस्ट कूल्टर नावाचे कारकून समोर येणारी पोरं बघून अस्वस्थ झाले आणि त्यांनी लोकांना आवाहन केलं की प्रत्येकाने एका मुलाशी दोस्ती करा. त्यातूनच पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही मोठी संस्था उभी राहिली. 1995 साली तिच्या कामाची कसून तपासणी झाली. 10 ते 16 वयाची 959 मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लगेच मोठा मित्र, दुसरा गट 18 महिने प्रतीक्षा यादीत. मित्र मिळालेल्या गटात अमली पदार्थांना नव्याने हात लावण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी निघालं, शाळेला दांडी मारण्याचं 52 टक्क्यांनी कमी. साहजिकच सगळीकडे आनंदीआनंद.

पण खरी गोम 2002 साली कळली. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी हीच आकडेवारी पुन्हा उघडली आणि विचारलं, जोडी टिकली किती? वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झालेला. आणि जिथे तीन महिन्यांतच सगळं आटोपलं, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा आणि अभ्यासाबद्दलचा विश्वास, कोणीच न मिळालेल्या मुलांपेक्षाही खाली गेलेला. म्हणजे तो दादा आलाच नसता तर बरं झालं असतं!

लवकर तुटलेल्या जोड्या कोणाच्या, हेही त्यांनी पाहिलं. छळ सोसलेल्या मुलांच्या, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांच्याच. आणि मोठ्यांमध्ये 26 ते 30 वयाच्या विवाहित स्वयंसेवकांच्या. (हशा) हसताय खरे, पण आपली यादी काढून बघा. हिंजवडी-खराडीतली नोकरी, नुकतं झालेलं लग्न, घराचा हप्ता. माणसं वाईट नसतात, त्यांचा रविवार त्यांच्या हातात नसतो, एवढंच. दुसरा गट शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा. त्यांचं प्लेसमेंट झालं की ते बंगळुरूला.

आपल्याकडे जुलैत जोड्या लागतात, गणपतीत दोन रविवार बुडतात, आणि दिवाळीला दादा गावी जातो तो परत वस्तीत फिरकत नाही. फोन करायला त्याला संकोच वाटतो. मुलगा काय समजतो? दादाला काम वाढलं असेल, हे सातवीतल्या पोराला सुचत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. ज्याचे वडील आधीच घर सोडून गेलेत त्याला तर हे वाटतंच वाटतं.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: पैसे असतील तर ते टी-शर्ट, बॅनर आणि उद्घाटनावर घालवू नका, या जोड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या समन्वयकाच्या पगारावर घाला. एका समन्वयकाला झेपतील तेवढ्याच जोड्या. पहिले तीन महिने तिने दर आठवड्याला दोन्हीकडे फोन करायचा आणि मुलाच्या आईशीही बोलायचं. डेव्हिड डुबॉइस आणि सहकाऱ्यांनी 2002 साली असे 55 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेच पुढे आलं. सरासरी फायदा बेताचाच, पण जिथे प्रशिक्षण चालू राहतं, कामावर लक्ष असतं, पालकांना सामील करून घेतात, तिथे तो वाढतो. नाहीतर कॉलेजांतल्या मेंटॉर-मेंटी (मार्गदर्शक प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी) रजिस्टरसारखी गत होते. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने.

फोनवर काय विचारायचं, हेही महत्त्वाचं. ‘किती प्रगती झाली?’ विचारलंत की दादा पाढे म्हणून घ्यायला लागतो. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी होती. तिची ताई दर रविवारी गणिताचं पुस्तक उघडून बसायची आणि मुलगी नुसती मान डोलवायची. समन्वयक ताईला म्हणाली, ‘अगं, तिला उत्पन्नाचा दाखला काढायचाय, शिष्यवृत्तीचा फॉर्म अडलाय. तिच्या आईबरोबर सेतूत जा.’ तिघी रांगेत उभ्या राहिल्या. रेशनकार्डाची झेरॉक्स कमी पडली, मग सर्व्हर डाऊन. त्या ताटकळण्यात मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली. तलाठी म्हणजे कोण, ताईला पहिल्या पगाराचं काय केलंस, असं काय काय विचारत सुटली. गणित नंतर आलंच, तेही तिनेच काढलं. पहिल्या दिवसापासून मुलाला ‘सुधारायला’ घेणाऱ्यांच्या जोड्या टिकत नाहीत, हे मी वारंवार पाहिलंय.

आणखी एक, यात तडजोड नको. भेट उघड्या जागी, पालकांच्या लेखी संमतीने. मुलाला एकट्याला घरी न्यायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा काय म्हणतो ते प्रत्येक स्वयंसेवकाला जोडी लागण्याआधी समजावून सांगायचं. चांगल्या घरातला आहे, ओळखीचा आहे, ही कारणं चालणार नाहीत.

जोड्या संपणारच. बदली होते, बाळंतपण येतं. तर संपवायची रीत ठरवा. महिनाभर आधी सांगायचं, कारण खरं सांगायचं, शेवटची भेट ठरवून करायची आणि त्या भेटीला समन्वयक हजर हवी. ‘येतो हं अधूनमधून’ असं खोटं आश्वासन कोणी द्यायचं नाही.

आणि आलेल्या त्या ढीगभर अर्जांचं काय? प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पुढच्या जूनमध्ये तुम्ही या शहरात असाल का? ‘सांगता येत नाही’ म्हणाले तर त्यांना अभ्यासिकेत बसवा, पुस्तकपेटी द्या, सहलीला न्या. तिथे माणसं बदलली तरी चालतं. मूल मात्र त्यांच्या हाती देऊ नका. यादी निम्म्यावर आली तर येऊ द्या. देणगीदारांना काय सांगायचं ते आपण आता प्रश्नोत्तरांत बोलू.