स्टेडियमची किंमत भाडेकरारात वाचा

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘व्यावसायिक स्टेडियम आणि करदात्याचा पैसा’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी अमेरिकेतल्या सेंट लुईसचा डोम, म्हणजे छप्पर असलेलं स्टेडियम. संयोजकांना माझी ही खोड ठाऊक आहे, म्हणून घड्याळ थेट माझ्यापुढेच ठेवलंय.

१९८८ साली सेंट लुईसचा अमेरिकन फुटबॉलचा संघ ॲरिझोनाला निघून गेला. मग दुसरा संघ मिळेल या आशेवर तिथे डोम बांधायला घेतला. नवरदेव ठरायच्या आधीच मांडव! वाटाघाटीत वजन कोणाचं राहणार, हे वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून रॅम्स हा संघ आला. बांधकाम साधारण २८ कोटी डॉलरांचं. कर्जाचा हप्ता आणि देखभाल मिळून वर्षाला २ कोटी ४० लाख. त्यातले निम्मे राज्याचे, पाव शहराचे, पाव काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे).

बहुतेक जण आकडा ऐकून इथेच थांबतात. अहो, आकडा सोडा, कलम वाचा. करार ३० वर्षांचा. पण २००५ आणि २०१५ या दोन टप्प्यांवर डोम लीगमधल्या, म्हणजे एनएफएल या फुटबॉल-स्पर्धेतल्या, स्टेडियमांच्या वरच्या २५ टक्क्यांत असला पाहिजे. संघ ३२, म्हणजे पहिल्या आठांत. नसला, तर करार वर्षावर्षाचा होणार आणि संघ जायला मोकळा. नीट पाहा: अट डागडुजीची नाही, क्रमांकाची आहे. तुम्ही डोम आरशासारखा लखलखीत ठेवा, पण इतर शहरांनी नवी स्टेडियमं बांधली की तुमचा नंबर आपोआप घसरतो. (हे कलम मान्य करणाऱ्यांनी स्वतःच्या घराचा भाडेकरार कसा केला असेल, कोण जाणे.)

२०१३ मध्ये लवादाने डोम वरच्या क्रमांकात आणायचा रॅम्सचा आराखडा उचलून धरला. खर्च सुमारे ७० कोटी, म्हणजे मूळ बांधकामाच्या अडीचपट. डोमच्या सरकारी बाजूने नकार दिला. २०१६ मध्ये लीगच्या संघमालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी संघ लॉस एंजेलिसला पाठवला. डोमचे हप्ते मात्र करदात्यांच्या गळ्यात राहिले. २०२१ ला ७९ कोटींची तडजोड झाली खरी, पण ती लीगच्या स्थलांतर-धोरणावरच्या दाव्यातून. भाडेकराराने काहीच वाचवलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय, धावत.

‘शहराला इतका फायदा होईल’ असा अहवाल आला की पहिला प्रश्न: आकडा ढोबळ की निव्वळ? तिकिटावर गेलेला पैसा बराचसा त्याच शहरातल्या सिनेमा-हॉटेलांतून वळलेला असतो, आणि खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग बाहेर जातो. दुसरा प्रश्न: हंगामात घरच्या मैदानावरचे सामने किती? बेसबॉलचे ८१, बास्केटबॉलचे ४१, फुटबॉलचे फक्त ८-९.

१९८६ च्या करकायद्याचा पेच तर भन्नाट. खासगी वापराच्या स्टेडियमसाठी कर्ज उभारायचे रोखे करमुक्त ठेवायचे असतील, तर हप्त्यातला १० टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्या खासगी उत्पन्नातून फेडता येत नाही. हेतू होता शहरांनी हात आखडता घ्यावा. शहरांनी केलं काय? संघाचं भाडं किरकोळ ठेवलं आणि ९० टक्के भार करांवर टाकला!

‘पाहुण्यांकडून’ वसुली म्हणाल, तर लास वेगासने हॉटेल-खोल्यांवरच्या कराच्या भरवशावर स्टेडियमसाठी ७५ कोटींचं कर्ज उभं केलं. २०२० मध्ये खोल्या रिकाम्या पडल्या आणि हप्त्यासाठी राखीव निधी काढावा लागला. निधी संपला तर कोण भरणार, हे आधी लिहून घ्या.

आता भाडेकरार: त्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नको. सिअ‍ॅटलचं स्टेडियम, किंगडोम, २००० साली सुरुंगाने पाडलं, त्याचं कर्ज २०१५ ला फिटलं. वाढीव बांधकामखर्च संघाच्या माथी हवा. मोठ्या दुरुस्त्या, म्हणजे छप्पर, वातानुकूलन, स्कोअरबोर्ड, कोणाकडे, ते यादीनिशी लिहा. नुसतं ‘देखभाल’ लिहिलंत की वकील पोट धरून हसतात. संघ निघून जायला लागला तर दंडावर भागवू नका, न्यायालयाकडून थेट मनाई मिळेल असं कलम घाला. दंड नवा गाव आनंदाने भरतो. आणि मालकाने संघ विकला तर नफ्यात वाटा मागताना एक तपासा: संघ अख्खा न विकता थोडे थोडे हिस्से विकले, तरी ते कलम लागू होतं का?